जुन्या कॉम्प्युटरला नवी हार्ड डिस्क: आधी यंत्राचे वय पाहा

तीन टीबीची नवी कोरी हार्ड डिस्क जुन्या कॉम्प्युटरला जोडली आणि विंडोजने तिची क्षमता ७४६ जीबी दाखवली, की डिस्क सदोष निघाली असे समजून माणूस दुकान गाठतो. डिस्क बहुतेक वेळा निर्दोष असते. तीन टीबीतून २.२ टीबी वजा केले की उरणारी जागा विंडोजच्या मोजणीत जवळपास ७४६ जीबीच भरते. जुन्या ड्रायव्हरचा आकडा २.२ टीबीला संपला आणि तिथून पुढे तो पुन्हा शून्यापासून मोजू लागला, इतकाच याचा अर्थ. जुन्या यंत्रात नवी डिस्क बसवताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ असेच असते. डिस्क आजची असते आणि तिला मागचे सगळे समजते. कॉम्प्युटर मात्र त्याच्या जन्मवर्षी ठाऊक होते तेवढेच जाणतो. म्हणून डिस्क किती क्षमतेची घ्यायची, पार्टिशन कोणत्या पद्धतीने पाडायचे, बायोसमध्ये काय निवडायचे आणि विंडोज कसे टाकायचे, हे सगळे निर्णय डिस्कच्या खोक्यावरचे आकडे वाचून घेऊ नयेत. ते कॉम्प्युटरचे वय पाहून घ्यावेत. तसे घेतले तर काम एका दिवसात निर्वेध होते. न घेतले तर काही चुका लगेच दिसतात आणि काही महिनोन्महिने दिसतच नाहीत, आणि न दिसणाऱ्याच जास्त घातक असतात.

वय ओळखणे अवघड नाही. विंडोजच्या शोधपट्टीत ‘एमएसइन्फो३२’ टाइप केले की मदरबोर्डचे मॉडेल आणि बायोसची तारीख दिसते. विंडोज ८ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांमध्ये ‘बायोस मोड’ या ओळीत ‘लेगसी’ की ‘यूईएफआय’ हेही कळते. ढोबळ मानाने तीन पिढ्या धराव्यात. २००३ च्या आधीच्या कॉम्प्युटरमध्ये रुंद पट्टीची केबल लागणाऱ्या आयडीई डिस्क असत. २००३ पासून २०१० पर्यंतच्या मदरबोर्डवर साटा पोर्ट आले, पण यंत्र सुरू करणारी व्यवस्था जुन्या बायोसचीच राहिली. २०११ मध्ये इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरबरोबर आलेल्या बोर्डांवर जुन्या बायोसच्या जागी यूईएफआय सर्रास दिसू लागले, आणि २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यावर तोच रिवाज झाला. आज घराघरांतून, दुकानांतून, शाळांच्या संगणक कक्षांतून जी ‘जुनी’ यंत्रे चालतात, त्यांत मधल्या पिढीतली पुष्कळ आहेत, आणि गुंतागुंतही तिथेच सर्वाधिक आहे. सर्वांत जुन्या पिढीतली यंत्रे विशेष कारणांसाठी टिकून आहेत. मराठी डीटीपीचेच उदाहरण घ्या. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेली पुस्तके, पेजमेकरच्या २००१ च्या शेवटच्या आवृत्तीत केलेल्या फाइली, प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लावायचे हार्डवेअर लॉक, या सगळ्यासाठी विंडोज एक्सपीचे एखादे यंत्र सांभाळून ठेवणारे छापखाने आणि प्रकाशक आजही आहेत. त्या यंत्राची डिस्क गेली तर प्रश्न जागेचा नसतो, वीस वर्षांच्या कामाचा असतो.

आता मर्यादांचे गणित पाहू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यातूनच निघतात. डिस्कवरची जागा ५१२ बाइटच्या तुकड्यांत मोजली जाते. त्या तुकड्याला सेक्टर म्हणतात आणि प्रत्येक सेक्टरला क्रमांकाचा पत्ता असतो. जुन्या आयडीई पद्धतीत हा पत्ता २८ बिटांचा होता. दोनाचा अठ्ठाविसावा घात गुणिले ५१२ केले की १३७ जीबी येतात. त्यापुढचा पत्ता लिहायला त्या यंत्राकडे अंकच शिल्लक राहत नाहीत. ४८ बिटांचे पत्ते नंतर आले. विंडोज एक्सपीला ते २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून नीट समजू लागले. यातली ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी, की १३७ जीबीची मर्यादा ओलांडल्यावर यंत्र थांबेलच असे नाही. विंडोज ९८ किंवा सर्व्हिस पॅक नसलेल्या एक्सपीमध्ये मोठी डिस्क लावली, दुसऱ्या यंत्रावर पाडलेले मोठे पार्टिशन तीत असले, तर सुरुवातीला सगळे सुरळीत चालते. डिस्क भरत जाऊन लेखन १३७ जीबीच्या पुढे गेले, की पत्त्याचे वरचे अंक गळतात आणि नवा मजकूर डिस्कच्या आरंभी, जिथे फाइलींच्या नोंदी असतात तिथे जाऊन पडू शकतो. त्या दिवशी एखादी फाइल जात नाही, सगळी डिस्कच वाचण्यापलीकडे जाते. अशा यंत्रासाठी १२० जीबीची डिस्क नुसती पुरेशी नाही, तर तीच सुरक्षितही आहे.

दुसरी भिंत २.२ टीबीची. एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीत सेक्टर मोजायला ३२ बिट असतात, म्हणून दोनाचा बत्तिसावा घात गुणिले ५१२ इथे ती थांबते. जीपीटी या नव्या पद्धतीला ही अडचण नाही. पण बायोसवर चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये विंडोज फक्त एमबीआर डिस्कवरूनच सुरू होते. जीपीटीवरून सुरू व्हायला यूईएफआय लागते. फक्त फाइली ठेवण्यासाठी दुसरी डिस्क म्हणून जीपीटी डिस्क बायोसच्या कॉम्प्युटरलाही चालते, अट एवढीच की विंडोज व्हिस्टा किंवा त्यानंतरचे असावे. ३२ बिटांची एक्सपी जीपीटी वाचत नाही. लिनक्सची गोष्ट थोडी वेगळी आहे. जीपीटी डिस्कवर एक एमबीचे छोटेसे बायोस बूट पार्टिशन ठेवले तर ते जुन्या बायोसवरूनही सुरू होते. म्हणजे ‘चार टीबीची डिस्क जुन्या कॉम्प्युटरला चालेल का’ या प्रश्नाला होय किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. ती विंडोज सुरू करण्यासाठी आहे की साठवणीसाठी, हे ठरल्यावरच उत्तर मिळते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: दोन टीबी आणि चार टीबी यांच्या किमतीत फारसे अंतर नाही, मग मोठीच घ्यावी आणि दिसेल तेवढी वापरावी. वरवर हा हिशेब बरोबर वाटतो. पण जिथे यंत्र आकडाच चुकीचा धरते, तिथे ‘दिसेल तेवढी’ यावर भरवसा ठेवता येत नाही. जुन्या ड्रायव्हरने ७४६ जीबी दाखवले तर ते नेमके कोणते ७४६, आणि पुढे ड्रायव्हर बदलला तर ते तिथेच राहतील का, याची खात्री देता येत नाही. दुसरे असे, की मोठी डिस्क तपासायला, तिची प्रत काढायला आणि बिघडल्यास तीतला मजकूर वाचवायला त्याच प्रमाणात जास्त वेळ लागतो, आणि जुन्या यंत्राच्या संथ पोर्टवर तो आणखी वाढतो. म्हणून बायोसच्या पिढीतल्या कॉम्प्युटरसाठी सरळ सल्ला हा, की विंडोजसाठी २४० ते ५०० जीबीची साटा एसएसडी घ्यावी, आणि साठवणीची गरज असेल तर सोबत दोन टीबीपर्यंतची फिरती डिस्क. फिरती डिस्क घेताना ती एसएमआर पद्धतीची आहे का, हे मॉडेल क्रमांकावरून पाहून घ्यावे. या पद्धतीत माग एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेले लेखन फार मंदावते. मोठ्या उत्पादकांनी आपल्या कोणत्या डिस्क तशा आहेत हे २०२० मध्ये टीका झाल्यानंतर जाहीर केले. बॅकअपला अशी डिस्क चालेल, विंडोज टाकायला नको.

एसएसडीचे नाव काढले की दुसरा आक्षेप येतो: जुन्या मदरबोर्डचे साटा पोर्ट संथ, तिथे एसएसडीचा वेग वाया जातो. पहिल्या साटाची मर्यादा सेकंदाला १५० एमबी, दुसऱ्याची ३००, आणि आजच्या साटा एसएसडी ५०० च्या पुढे वाचतात, हे खरे. पण कॉम्प्युटर रेंगाळतो तो मोठी फाइल सलग वाचताना नाही. विंडोज सुरू होताना, ब्राउझर उघडताना हजारो बारीक तुकडे डिस्कवर ठिकठिकाणाहून उचलावे लागतात, आणि रखडते ते तिथे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची, हवा तो सेक्टर खाली येईपर्यंत सरासरी त्याच्या निम्मा वेळ, आणि वाचणारे डोके योग्य मागावर न्यायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. एका तुकड्यामागे सुमारे तेरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम पंचाहत्तर-ऐंशी तुकडे. एसएसडीला तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात जमते, आणि बारीक तुकड्यांसाठी पहिल्या साटाची नळीही पुरून उरते. म्हणून जुन्या यंत्रात एसएसडी वाया तर जात नाहीच, उलट दुसऱ्या कोणत्याही खर्चापेक्षा फरक तिनेच जास्त पडतो. पथ्य दोन गोष्टींचे. एनव्हीएमई जातीची, चिंचोळ्या पट्टीसारखी एसएसडी घेऊ नये. जुने बायोस तिच्यावरून सुरू होत नाही. लॅपटॉपसाठी जाडी पाहावी: अडीच इंची एसएसडी सहसा ७ मिलिमीटरची असते आणि ९.५ मिलिमीटरच्या जुन्या खाचेत आधार लावून बसते, पण दोन टीबीच्या वरच्या अडीच इंची फिरत्या डिस्क १५ मिलिमीटर जाड असतात आणि लॅपटॉपमध्ये मावत नाहीत. एक्सपीला ट्रिम ही आज्ञा येत नाही. तिथे एसएसडीची दहा-पंधरा टक्के जागा पार्टिशन न पाडता मोकळी सोडावी, म्हणजे डिस्कला आतली आवराआवर करायला वाव राहतो.

आयडीईच्या पिढीबद्दल थोडक्यात सांगतो. बाजारात ‘नवी’ म्हणून मिळणारी आयडीई डिस्क बहुधा जुनीच, साफ करून विकलेली असते. त्यापेक्षा लहान साटा एसएसडी आणि साटा-आयडीई अडॅप्टर हा मार्ग टिकाऊ. अडॅप्टर लावताना जंपर मास्टरवर ठेवावा आणि ऐंशी तारांची केबल वापरावी. तिचे निळे टोक मदरबोर्डला, टोकाचे काळे मास्टरला आणि मधले करडे स्लेव्हला लागते.

डिस्क हातात आली की लगेच बसवण्याची घाई करू नये. आधी बायोस पाहावे. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल पाच-सात वर्षांत दम तोडतो, आणि जुन्या कॉम्प्युटरमध्ये तो बहुधा मूळचाच असतो. घड्याळ मागे पडत असेल, सुरू करताना एफ१ दाबायला सांगत असेल, तर आधी तो बदलावा. हार्ड डिस्कच्या लेखात सेल कशाला, असे वाटेल. संबंध थेट आहे. सेल गेला की वीज बंद होताच बायोसच्या निवडी मूळपदावर जातात, आणि त्यांतली एक निवड साटा पोर्ट आयडीई पद्धतीने चालवायचे की एएचसीआय पद्धतीने, ही असते. विंडोज एएचसीआयवर टाकलेले असेल आणि सेल संपून बायोस परत आयडीईवर गेले, तर निळा स्क्रीन येऊन शेवटी ‘७बी’ असलेला कोड दिसू शकतो आणि नवी डिस्क गेली असा समज होतो. म्हणून क्रम असा ठेवावा: सेल बदलणे, मग बायोसमध्ये साटाची पद्धत ठरवणे, आणि विंडोज त्यानंतरच टाकणे. विंडोज ७ आणि त्यापुढच्यांसाठी एएचसीआय निवडावे. एक्सपीकडे एएचसीआयचा ड्रायव्हर नसतो, तिथे आयडीईच ठेवावे. आधीच टाकलेले विंडोज ७ आयडीईवर असेल आणि पद्धत बदलायची असेल, तर बायोसला हात लावण्यापूर्वी रजिस्ट्रीतला ‘एमएसएएचसीआय’चा ‘स्टार्ट’ आकडा शून्य करावा लागतो. विंडोज ८ व १० मध्ये बदलानंतर पहिल्यांदा सेफ मोडमध्ये सुरू केले की सहसा भागते.

वीज आणि केबल हा छोटा पण दुर्लक्षित भाग आहे. एसएमपीएस जुना असेल आणि त्याला साटाची वीजजोडणी नसेल, तर चार पिनांच्या जोडणीवरून साटा करणारा अडॅप्टर मिळतो. तो साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचा घेऊ नये, कारण त्यातल्या तारा एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणे आहेत. तारा दाबून बसवलेला, उघडता येणारा घ्यावा. साटाची डेटा केबलही नवी घ्यावी. व्हीआयए कंपनीच्या व्हीटी८२३७ चिपसेटच्या काही बोर्डांना दुसऱ्या पिढीची साटा डिस्क ओळखताच येत नाही. फिरत्या डिस्कवर १.५ गिगाबिटचा जंपर लावून ती अडचण सुटते, एसएसडीवर मात्र तसा जंपर नसतो. काम करताना वीज पूर्ण तोडावी आणि डिस्कला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा.

आता तपासणी. इथे आक्षेप वेळेचा असतो: क्विक फॉर्मॅट दोन सेकंदांत होते, तर पूर्ण फॉर्मॅटमध्ये तास कशाला घालवायचे? क्विक फॉर्मॅट फक्त फाइलींच्या नोंदवहीची पाने कोरी करते, डिस्कच्या बाकी जागेला हातही लावत नाही. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमधले पूर्ण फॉर्मॅट प्रत्येक सेक्टरवर शून्ये लिहिते, आणि म्हणूनच ती खरी परीक्षा ठरते. एक टीबीच्या फिरत्या डिस्कला साटावर साधारण दोन तास लागतात. जुन्या यूएसबी पोर्टवरून केले तर आठ-नऊ तास. नव्या डिस्कमधले उत्पादनदोष बऱ्याचदा सुरुवातीच्या वापरातच उघडे पडतात, म्हणून तिच्यावर एकही फाइल नसताना, आणि ती बदलून घेण्याची मुदत शिल्लक असताना घालवलेले हे दोन तास सर्वांत स्वस्त असतात. पद्धत अशी: क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये डिस्कचे स्मार्ट आकडे पाहून टिपून ठेवावेत, पूर्ण फॉर्मॅट करावे, आणि तेच आकडे पुन्हा पाहावेत. ‘रिअॅलोकेटेड सेक्टर’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ हे शून्य असले पाहिजेत; नव्या डिस्कवर त्यांत एकाचीही वाढ झाली तर ती बदलून घ्यावी. ‘सीआरसी एरर’ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा, डिस्कचा नव्हे. नवी म्हणून घेतलेल्या डिस्कचे ‘पॉवर ऑन’ तास हजारांत असतील तर ती वापरलेली आहे. हा आकडा पुसता येतो, त्यामुळे तो कमी असणे हा नवेपणाचा पक्का पुरावा नाही. बिल आणि अनुक्रमांकावरून उत्पादकाकडे वॉरंटी तपासणे हाच भक्कम मार्ग. अविश्वसनीय स्वस्त एसएसडी घेतली असेल तर एच२टेस्टडब्ल्यू चालवून तिची खरी क्षमता पडताळावी. खोटी क्षमता दाखवणारी साधने बाजारात आहेत.

पार्टिशन पाडताना ज्या सापळ्यात जाणकारही अडकतात, तो म्हणजे डिस्क दुसऱ्या, नव्या कॉम्प्युटरवर तयार करून आणणे. सोय कळते, पण नवा कॉम्प्युटर स्वतःच्या काळाप्रमाणे वागतो. विंडोज १० किंवा ११ कोऱ्या डिस्कसाठी जीपीटी सुचवते, आणि तशी डिस्क जुन्या बायोसला लावली की विंडोजचा इन्स्टॉलर ती नाकारतो. आणखी एक अडचण यूएसबी खोक्यांची. काही खोकी आतली डिस्क ४०९६ बाइटच्या सेक्टरची असल्याचे कॉम्प्युटरला भासवतात, म्हणजे मोठी डिस्कही एमबीआरमध्ये बसते. तीच डिस्क खोक्यातून काढून थेट साटाला जोडली की पत्त्यांचे माप बदलते आणि पार्टिशन सापडेनासे होते. म्हणून पार्टिशन शक्यतो ज्या यंत्रात डिस्क राहणार आहे त्याच यंत्रात, थेट साटाला जोडून पाडावे. डिस्कपार्ट वापरत असाल तर ‘लिस्ट डिस्क’ने आकार पाहून डिस्कचा क्रमांक दोनदा पडताळावा, कारण ‘क्लीन’ ही आज्ञा पुन्हा विचारत नाही. ‘क्लीन’नंतर ‘कन्व्हर्ट एमबीआर’ केले की डिस्क जुन्या यंत्राला समजेल अशी होते.

पार्टिशन त्याच यंत्रात पाडण्याच्या नियमाला एक अपवाद आहे, तो एक्सपीचा. एक्सपी पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते. २०११ च्या सुमारापासून जवळपास सर्व डिस्क आतून ४०९६ बाइटचे सेक्टर वापरतात आणि बाहेर ५१२ चे दाखवतात. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६. त्याला ४०९६ ने भागले तर पूर्ण भाग जात नाही. परिणामी विंडोजचा प्रत्येक तुकडा डिस्कच्या दोन खऱ्या सेक्टरांवर सांडतो आणि एका लेखनासाठी डिस्कला आधी वाचून, बदलून, मग पुन्हा लिहावे लागते. विंडोज ७ किंवा जीपार्टेडने पार्टिशन १ एमबीवरून सुरू करून पाडावे आणि एक्सपी त्या तयार पार्टिशनमध्ये टाकावी, म्हणजे हा प्रश्न उरत नाही. आधीच पाडलेले पार्टिशन तपासायचे तर एमएसइन्फो३२ मध्ये डिस्कच्या नोंदीत पार्टिशनचा आरंभ दिसतो: १०,४८,५७६ असेल तर ठीक, ३२,२५६ असेल तर पुन्हा पाडावे.

‘जुन्या डिस्कची क्लोन प्रत काढली की यातले काहीच करायला नको’ असे अनेकांना वाटते. क्लोन काढणे सोयीचे आहे, पण क्लोन जुन्या चुकाही जशाच्या तशा आणतो. ६३ व्या सेक्टरचा आरंभही त्यातलाच. शिवाय जुनी डिस्क खराब होत असल्यामुळेच नवी घेतली असेल, तर साधे क्लोन सॉफ्टवेअर खराब सेक्टरवर अडकून पुन्हा पुन्हा वाचत बसते आणि मरू घातलेली डिस्क लवकर मारते. अशा वेळी लिनक्सवरचे डीडीरेस्क्यू वापरावे; ते आधी जे सहज वाचता येते ते सोडवून घेते आणि अवघड जागी शेवटी जाते. क्लोननंतर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढूनच ठेवावी. दोन्ही डिस्कची ओळखसंख्या एकच असल्याने विंडोज गोंधळते. हीच काळजी नव्याने विंडोज टाकतानाही घ्यावी. जुनी डिस्क जोडलेली असेल तर इन्स्टॉलर सुरू होण्याच्या फाइली तिच्यावर आणि विंडोज नव्या डिस्कवर असे वाटून टाकू शकतो. पुढे जुनी डिस्क काढली की नवी सुरूच होत नाही. विंडोज टाकण्यासाठीचा पेनड्राइव्ह रुफस या सॉफ्टवेअरने तयार करताना पार्टिशन स्कीम एमबीआर निवडावी. २०११-१२ च्या काही बोर्डांवर तोच पेनड्राइव्ह बूटच्या यादीत दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा ‘यूईएफआय’ शब्दासह. ज्या नोंदीवरून सुरू कराल त्यावरून डिस्क एमबीआर लागेल की जीपीटी हे ठरते.

एवढे सगळे दुकानदार करून देतो, मग वाचकाने का शिणावे, हा प्रश्न रास्त आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा तालुक्याच्या गावी काय, हे काम उत्तम जाणणारे कारागीर आहेत आणि त्यांच्याकडून करून घेण्यात काहीच गैर नाही. पण ‘विंडोज मारून देतो’ या बोलीत पूर्ण तपासणी, सेल बदलणे आणि जुनी डिस्क सुटी ठेवणे हे आपोआप येत नाही. ते मागावे लागते. नुकसान झाले तर डिस्क बदलून मिळते, मजकूर मिळत नाही. म्हणून काम कोणीही केले तरी काय करून घ्यायचे हे मालकाला माहीत असावे.

राहिला सर्वांत मोठा आक्षेप: जुन्या यंत्रावर पैसे कशाला, नवाच कॉम्प्युटर घ्यावा. काही वेळा हेच बरोबर आहे. प्रोसेसर ३२ बिटांचाच असेल, रॅम दोन जीबीच्या पुढे वाढत नसेल आणि काम इंटरनेटचे असेल, तर नव्या डिस्कने फार काही साधणार नाही. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला यूईएफआय, टीपीएम २.० आणि बऱ्याच अलीकडचा प्रोसेसर लागतो. विंडोज ७ वर क्रोमच्या नव्या आवृत्त्या २०२३ पासून येत नाहीत. बँकेचे व्यवहार अशा असुरक्षित विंडोजवर करू नयेत. पण चार जीबी रॅम, ६४ बिटांचा ड्युअल कोअर प्रोसेसर, एसएसडी आणि लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली एवढ्यावर पत्रव्यवहार, टायपिंग, हिशेब आणि मुलांचा अभ्यास नीट चालतो. मराठी युनिकोड टायपिंगही त्यात आहे. आणि ज्या यंत्रावर जुने डीटीपीचे काम अडकले आहे, त्याला नवा कॉम्प्युटर हा पर्यायच नाही. ते इंटरनेटपासून तोडून, नव्या डिस्कवर, बॅकअपसह जपणे हाच शहाणपणाचा खर्च आहे.

काम झाल्यावर जुनी डिस्क लगेच पुसू नका. तिच्यावर तारीख लिहून किमान महिनाभर बाजूला ठेवा. नव्या डिस्कवर काहीतरी आले नाही हे बहुधा तेवढ्या काळात लक्षात येते. त्यानंतर ती भंगारात किंवा दुसऱ्या कोणाला देणार असाल, तर पूर्ण शून्ये लिहूनच द्या. क्विक फॉर्मॅट केलेल्या डिस्कवरून फोटो, बँकेची कागदपत्रे आणि पासवर्ड मोफत सॉफ्टवेअरनेही परत काढता येतात.